मालगाडीच्या चाकांवर काय लिहिलेलं असतं?

ज्यांना पूर्ण एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांनी बसमध्ये ऐकायला घेतला आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये झोप लागली, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना आलेले "म्हणजे बघा"पैकी निम्मे काढलेत, निम्मे राहू दिलेत.

मी मारुंजीत राहते. आमच्याकडे रेल्वे नाही. रेल्वे बघायची तर आकुर्डी नाहीतर चिंचवड गाठायचं. त्या दिवशी आकुर्डीला लोकलची वाट बघत उभी होते आणि समोरच्या लाईनवर एक मालगाडी येऊन थांबली. आपण अशा वेळी काय करतो? मोबाईल काढतो. पण माझ्या मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून मी नाइलाजाने समोर बघितलं. चाकाच्या मधोमध एक गोल झाकण, त्यावर तीन मोठे बोल्ट. बोल्टांखाली एक पातळ पत्र्याची पट्टी, तिच्यावर ठोकून उमटवलेली बारीक अक्षरं. चाकाच्या तबकडीवर खडूने काहीतरी खरडलेलं. आणि वर डब्याच्या अंगावर रंगाने लिहिलेले आकडेच आकडे.

प्लॅटफॉर्मवरूनच झूम करून फोटो काढला आणि आमच्या सोसायटीतल्या काकांना पाठवला. काका रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यातून रिटायर झालेत, म्हणजे डबे आणि वाघिणी तपासणाऱ्या खात्यातून. (हो, वॅगनला मराठीत खरंच वाघीण म्हणतात. इंग्रजी शब्दाला आपण शेपूट आणि पट्टे लावले.) पाच मिनिटांत त्यांची व्हॉइस नोट आली, "अगं, हे त्या चाकाचं रेशन कार्ड आहे. कधी जन्मलं, कुठे जन्मलं, घरात कोण कोण, सगळं असतं त्यावर. संध्याकाळी ये, सांगतो."

मग मी गेले, रेकॉर्डर घेऊनच.

[०४:१०] तीन बोल्ट फिरतात की नाही?

काकांनी सुरुवातच प्रश्नाने केली. "गाडी चालताना ते तीन बोल्ट फिरत होते का?"

मला आठवेना. तुम्हीही कधी बघितलं नसेल. पुढच्या वेळी बघा, कारण यातच अर्धी गोष्ट आहे.

मालगाडीची दोन चाकं एका जाड अ‍ॅक्सलवर दाबून घट्ट बसवलेली असतात. ती स्वतंत्र फिरत नाहीत, अ‍ॅक्सलसकट फिरतात. अ‍ॅक्सलच्या टोकाला बेअरिंग असतं. आजच्या वाघिणींमध्ये ते कार्ट्रिज टेपर्ड रोलर बेअरिंग असतं, रेल्वेवाले त्याला सीटीआरबी म्हणतात. हे बंद डब्यासारखं येतं, ग्रीस आतच. त्याच्या टोकाला जे झाकण दिसतं ते थेट अ‍ॅक्सलवर तीन बोल्टांनी कसलेलं असतं, त्यामुळे चाक फिरलं की झाकण फिरतं, बोल्टही फिरतात.

आता त्याच लाईनवर कधी कधी एक वेगळी गाडी दिसते. जुन्या प्रवासी डब्यांसारखी, पण खिडक्या बंद केलेल्या. ती एनएमजी. आयसीएफचे वय झालेले प्रवासी डबे बदलून मोटारी वाहायला घेतलेत ते. आपल्या पट्ट्यात तयार होणाऱ्या गाड्या चिंचवडच्या मालधक्क्यावरून अशा रेल्वेने लांब लांब जातात. या डब्यांची बेअरिंगं जुन्या पद्धतीच्या पेटीत असतात. चाक फिरतं, पेटी आणि तिचं झाकण मात्र जागेवर ढिम्म. दोन गाड्या शेजारी शेजारी मिळाल्या तर फरक लगेच कळतो.

बरं, त्या तीन बोल्टांखालची पट्टी. तिला लॉकिंग प्लेट म्हणतात. तिचं पहिलं काम साधं आहे: बोल्ट कसून झाले की पट्टीचे कान बोल्टाच्या डोक्यावर वाकवायचे, म्हणजे हादऱ्यांनी बोल्ट सैल होत नाही. दुसरं काम कागदाचं. बेअरिंगचा नंबर, कोणी बनवलं, कोणत्या वर्कशॉपने कधी बसवलं, हे त्या पट्टीवर ठोकलेलं असतं. रंगाने नाही, ठोकून. रंग जातो, तेलाने पुसतो, उन्हात उडतो. ठोकलेलं अक्षर पत्रा असेपर्यंत राहतं.

मी विचारलं, "काका, पण एवढं कशासाठी? बिघडलं तर बदलायचं!"

"बदलशील गं. पण एक बिघडलं म्हणजे त्याच दिवशी, त्याच हातांनी, त्याच ग्रीसने बसवलेली बाकीची कुठे आहेत? एक आसामात, एक कोळसा भरून नागपूरकडे, एक इथे आकुर्डीला तुझ्यासमोर उभं. ती कशी शोधायची?"

[०९:३०] चाकाचे भाऊबंद

चाकाचंही तसंच. आपल्याकडची बरीचशी वाघिणींची चाकं ओतीव पोलादाची आहेत. बेंगळुरूजवळ येलहंकाला १९८४ साली रेल्वेने चाकं आणि अ‍ॅक्सल बनवायचा कारखाना काढला, आता त्याला रेल व्हील फॅक्टरी म्हणतात. बिहारमध्ये बेला इथेही चाकांचा कारखाना आहे. घडीव चाकं दुर्गापूरच्या पोलाद कारखान्यातून येतात. ओतीव चाकात वितळलेलं पोलाद दाबाने साच्यात खालून वर चढवतात. भट्टीतून एका वेळी निघालेल्या पोलादाच्या घाणीला हीट म्हणतात आणि एका हीटमधून बरीच चाकं निघतात. म्हणून प्रत्येक चाकावर कारखान्याची खूण, साल, हीटचा नंबर आणि त्या चाकाचा स्वतःचा नंबर असतो. पोलादात काही गडबड असेल तर ती एका चाकात नसते, सगळ्या भावंडांत असते.

नवीन चाकाचा व्यास १००० मिलिमीटर, बरोबर एक मीटर. रुळावर घासून, मग लेथवर पुन्हा आकार देऊन ते लहान लहान होत जातं. आपल्या नेहमीच्या बॉक्सएन वाघिणीचं चाक ९०६ मिलिमीटरवर आलं की संपलं, भंगारात. म्हणजे चाकाचं सगळं आयुष्य जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर जाडीत असतं.

खडूने काय खरडलं होतं त्याचा उलगडाही इथे झाला. चाकं कातून झाली की शॉपमधले लोक तबकडीवर व्यास लिहून ठेवतात. कारण जोड्या जुळवायच्या असतात. एका अ‍ॅक्सलवरच्या दोन चाकांच्या व्यासात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. अर्धा मिलिमीटर! का, तर दोन्ही चाकं एकत्रच फिरणार. एक मोठं असेल तर ते प्रत्येक फेरीत थोडं जास्त अंतर कापायला बघणार, जोडी एका बाजूला सरकणार आणि चाकाची आतली कड रुळाला घासत राहणार. एका ट्रॉलीतल्या, म्हणजे एका बोगीतल्या, दोन जोड्यांमध्ये १३ मिलिमीटर चालतात, पूर्ण वाघिणीत २५.

ती आतली कड म्हणजे फ्लँज. गाडी रुळावर राहते ती तिच्यामुळे. वाघिणीची फ्लँज झिजून १६ मिलिमीटरपेक्षा पातळ झाली की चाक बाद. काकांच्या खिशात नोकरीभर एक पत्र्याचं गेज असायचं, आता ते काकूंच्या शिवणाच्या डब्यात आहे.

[१५:००] पांढऱ्या रेघा

हा भाग मला सगळ्यात आवडला, म्हणून जरा जास्त बोलले.

आजचं चाक अखंड असतं. जुनं तसं नव्हतं. वाफेची इंजिनं, जुने डबे, जुन्या चारचाकी वाघिणी यांच्या चाकाला मधलं चक्र वेगळं आणि बाहेरची पोलादी धाव वेगळी. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतात ना, अगदी तेच तंत्र. धाव आतून चक्रापेक्षा किंचित लहान कातायची, तापवायची, तापून ती फुगली की चक्रावर चढवायची. थंड होताना ती आवळते आणि बसते. फायदा असा की झिजली तर फक्त धाव बदलायची, चक्र तेच.

पण जे तापवून चढवलं, ते तापलं तर सैलही होणार. ब्रेकचे ठोकळे धावेवरच दाबले जातात. जास्त ब्रेक लागला, धाव तापली, फुगली, तर ती चक्रावर हळूच सरकायला लागते. डोळ्यांना कळत नाही. गोल वस्तू गोल वस्तूवर सरकली, दिसणार काय?

त्यावर कोणीतरी अप्रतिम साधा उपाय काढला. धावेवर आणि चक्रावर मिळून आडवी अशी एक पांढरी रेघ मारायची. दोन्ही सांध्यावरून जाणारी, एक सलग रेघ. अशा चार दिशांना चार. गाडी थांबली की बघायचं. रेघ सलग आहे, ठीक. रेघ तुटलीय, अर्धी इकडे अर्धी तिकडे, म्हणजे धाव सरकली, गाडी पुढे जाणार नाही. ना वीज, ना सेन्सर, एक ब्रश आणि थोडा रंग.

आता माझी एक तक्रार. स्टेशनांबाहेर चौथऱ्यावर जुनी इंजिनं ठेवलेली असतात, तुम्ही सेल्फी काढले असतील. त्यांच्या चाकांची पूर्ण कडच गोलाकार पांढरी रंगवून टाकतात. दिसतं झकास, पण ज्या रेघांवर माणसांचा जीव अवलंबून होता त्या त्या पांढऱ्याखाली जातात. धाव आणि चक्र यांच्यामधली बारीक सांध्याची रेष मात्र जवळून पाहिली तर अजून दिसते. शोधा.

त्या काळात बेअरिंगही वेगळी होती. लोखंडी पेटीत पितळेचा तुकडा, त्याखाली अ‍ॅक्सलचं टोक आणि तेलात भिजवलेला सुताचा बोळा. तेल संपलं किंवा बोळा सरकला की घर्षणाने पेटी तापायची, बोळा धुमसायचा आणि कोणी बघितलं नाही तर अ‍ॅक्सलचं टोक पिळवटून तुटायचं. म्हणून बोळे कधी बदलले तेही वाघिणीवर लिहायचे. चाकावर हातोडी मारून आवाज ऐकायचे: खणखणीत तर बरं, बद्द तर भेग. अ‍ॅक्सलची भेग शोधायची तर तो तेलात भिजवायचा, कोरडा पुसायचा आणि वर खडूची पूड फासायची. भेगेत राहिलेलं तेल खडूतून वर येतं आणि काळी रेघ उमटते. आज हे काम अल्ट्रासोनिक यंत्र करतं, आपल्या सोनोग्राफीसारखंच.

आपल्याकडच्या जुन्या मालगाड्यांचा विषय निघाला की बार्शी लाईटचं नाव येतंच. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. त्याचा हट्ट होता की इंजिन असो, डबा असो वा वाघीण, कुठल्याही अ‍ॅक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार नको. आजच्या बॉक्सएनचा एक अ‍ॅक्सल २० टनांच्या वर घेतो. बार्शी लाईटची लाईन आता ब्रॉडगेज झालीय.

[२३:४०] अमेरिकेतला पिवळा ठिपका

चाकावरून गाडीवर खूण मारायची वेळ आल्याची एक गाजलेली घटना अमेरिकेतली आहे. २२ फेब्रुवारी १९७८, टेनेसी राज्यातलं वेव्हर्ली नावाचं छोटं गाव. एका मालगाडीतल्या वाघिणीचा हँडब्रेक लागलेलाच राहिला होता. मैलोन्‌मैल ब्रेक घासत गेला, चाक तापलं, फुटलं आणि गाडी घसरली. त्यात प्रोपेन वायूची टाकी होती. त्या दिवशी काही झालं नाही. साफसफाई सुरू असताना दोन दिवसांनी, २४ तारखेला, टाकी फुटली. १६ माणसं गेली.

त्याच वर्षी तिथल्या रेल्वे प्रशासनाने यू-१ नावाच्या एका जातीच्या ओतीव चाकांविरुद्ध आदेश काढला. देशभरातल्या वाघिणी तपासायच्या होत्या. तपासली हे कळणार कसं? तर प्रत्येक वाघिणीच्या अंगावर काळा चौकोन रंगवायचा आणि त्यात एक ठिपका. पिवळा ठिपका म्हणजे तपासली, तसली चाकं नाहीत. पांढरा ठिपका म्हणजे आहेत, ती काढायची. वर्ष संपेपर्यंत पांढऱ्या ठिपक्याच्या वाघिणी चालणं बंद होणार होतं.

गंमत अशी की पिवळे ठिपके कोणी पुसायला गेलंच नाही. जुन्या वाघिणी जपणारे आणि छोटी मॉडेलं बनवणारे लोक आजही फोटोत तो ठिपका बघून सांगतात, फोटो १९७८ नंतरचा आहे.

पण चाक तापल्यावर फुटतं का? मला वाटायचं तापून वितळत वगैरे असेल. तसं नाही. ब्रेकने कड तापते, तिला फुगायचं असतं, पण आतली थंड तबकडी तिला फुगू देत नाही, म्हणून कड दाबली जाते, मऊ असतानाच थोडी चेपली जाते. मग थंड होताना ती आकसायला बघते आणि आता उलटी ताणली जाते. म्हणजे धोका तापताना जितका, तितकाच गार झाल्यावर. कडेवर आधीच बारीक भेग असेल तर हा ताण ती उघडतो.

[२९:१५] आपला भोर घाट

आता हे सगळं आपल्या दारात आणू. आकुर्डीवरून मुंबईकडे जाणारी प्रत्येक मालगाडी लोणावळ्यानंतर भोर घाट उतरते. हा घाटमार्ग १८६३ साली सुरू झाला. चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर खाली. कर्जतपर्यंत साधारण ५५० मीटरची उतरण.

मी कॅल्क्युलेटर काढला. ८१ टनांची भरलेली एक वाघीण, ५५० मीटर उतार, आठ चाकं. ती सगळी ऊर्जा फक्त ब्रेकच्या ठोकळ्यांनी खायची म्हटली, तर एकेका चाकामागे इतकी उष्णता तयार होते की तिच्यात पावणेदोनशे लिटर पाणी उकळीला येईल. प्रत्यक्षात इंजिनंही ब्रेक लावतात, वारा असतो, म्हणून चाकांवर तेवढं सगळं येत नाही. पण घाटाच्या आधी ब्रेकची तपासणी एवढ्या कडकपणे का होते ते या आकड्यावरून मला समजलं.

काका म्हणाले, "ब्रेक चिकटलेलं चाक आधी नाकाला कळतं, मग डोळ्याला. जळका वास येतो. आणि खूप तापून गेलेल्या चाकावर निळसर झाक राहते, तव्याला येते तशी."

[३३:०५] डब्यावरचे आकडे, घाईघाईत

वाघिणीच्या अंगावरची दोन अक्षरं लक्षात ठेवा: पीओएच आणि आरओएच. पहिली मोठी दुरुस्ती, वर्कशॉपमध्ये वाघीण पूर्ण उघडून, साधारण साडेचार ते सहा वर्षांनी. दुसरी छोटी, दीड-दोन वर्षांनी. कुठल्या शॉपने कधी केली आणि पुन्हा कधी यायचं, ती तारीख रंगवलेली असते. शेवटच्या तारखेला रिटर्न डेट म्हणतात. पुढच्या वेळी प्लॅटफॉर्मवर कंटाळा आला तर ती तारीख उलटून गेलीय का बघा.

अकरा आकडी नंबर असतो तो वाघिणीचा. पहिले दोन वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे (मध्य रेल्वे ०१), मग दोन बनल्याचं साल, मग चार आकडी तिचा नंबर. अकरावा आकडा चुका पकडायला. समजा नंबर आहे १००१०७१२३४, हा मी मनाने घेतलाय. सम जागांवरचे आकडे ०, १, ७, २, ४, बेरीज १४, तिला ३ने गुणा, ४२. विषम जागांवरचे १, ०, ०, १, ३, बेरीज ५. एकूण ४७. पुढचा दहाच्या पटीतला आकडा ५०, म्हणून अकरावा आकडा ३. नंबर ऐकताना कोणी एक आकडा चुकीचा लिहिला तर हिशोब जुळणार नाही. खऱ्या वाघिणीवर करून बघा, जुळतं.

[३७:५०] ठक ठक ठक

एका श्रोत्याची व्हॉइस नोट होती: "रात्री आमच्या घरामागून मालगाडी जाते, त्यात एकच डबा ठक ठक ठक करत जातो. का?"

ते चपटं झालेलं चाक. ब्रेक लागून चाक फिरायचं थांबलं आणि रुळावर घसटत गेलं की एका जागी सपाट होतं. मग प्रत्येक फेरीला त्या जागी आपटतं. एक मीटर व्यासाचं चाक, परीघ सुमारे ३.१४ मीटर, ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला पाच ठोके. वाघिणीला हा सपाट भाग ६० मिलिमीटरपर्यंत चालतो, त्यापुढे चाक काढायचं. आता काही ठिकाणी रुळांनाच सेन्सर लावलेत, गाडी वरून जाताना कुठलं चाक किती जोरात आपटतंय ते मोजतात. त्यांना विल्ड म्हणतात. तापलेली बेअरिंगं हेरणारी यंत्रंही आहेत.

"मग आता काकांसारख्यांची गरज काय?" हे मी विचारलं, आणि लगेच वाटलं विचारायला नको होतं.

काका शांतपणे म्हणाले, "यंत्र त्याच्या जागेवर असतं. गाडी त्याच्या आधी आणि नंतरही चालतेच की." मग त्यांनी मला एक विचारलं, "लहान स्टेशनावरून गाडी न थांबता जाते तेव्हा हिरवा झेंडा घेऊन माणूस उभा असतो, तो काय करतो?"

मी म्हटलं, "गाडीला जा म्हणतो."

"जा सिग्नल म्हणतो. तो माणूस गाडी बघतो. धूर, ठिणगी, लोंबणारी साखळी, तापलेली पेटी, उघडा दरवाजा. काही दिसलं की हिरवा खाली, लाल वर. फाटकावरचा गेटमनही तेच करतो. शेवटच्या डब्यातला गार्ड त्याला उलट झेंडा दाखवतो, तो याचसाठी."

मी इतकी वर्षं लोकलच्या खिडकीतून त्या माणसांना बघत आलेय.

बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून सांगते: तुम्हाला चालत्या मालगाडीच्या चाकातून धूर किंवा ठिणग्या दिसल्या, तर व्हिडिओ नंतर काढा. स्टेशनावर असाल तर स्टेशन मास्तरला लगेच सांगा, नसाल तर १३९ला फोन करा, आणि गाडी कुठल्या दिशेने गेली व कितवा डबा होता एवढं लक्षात ठेवा. फोटोसाठी रुळांवर उतरायचं नाही, माझे सगळे फोटो प्लॅटफॉर्मच्या पिवळ्या पट्टीच्या अलीकडून काढलेत.

आणि हो, माझ्या पहिल्या फोटोतल्या खडूच्या खुणेचं राहिलंच. काकांनी तो मोठा करून दोनदा बघितला. व्यास वगैरे नव्हता. फक्त एक बरोबरची खूण होती. "कोणीतरी वाकून बघितलंय," ते म्हणाले, आणि फोन मला परत दिला.